आत्ता तर होता!

सिग्नलचा पिवळा दिवा दिसला की पुण्यात माणूस ॲक्सिलरेटर दाबतो. लाल व्हायच्या आत निसटायचं, एवढाच त्या दिव्याचा अर्थ. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यालाही आपण सवयीनं तोच न्याय लावतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेणारा माणूस इंजिनाच्या पिवळ्या दिव्याकडे बघून म्हणतो, "घरापर्यंत जाईल की!" आणि गाडी जातेही. त्या दिव्याचं चित्रच असं काढलंय की भीती वाटू नये. ते इंजिन आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या घरात मुलीला ते हेलिकॉप्टर वाटतं, बायकोला पाण्याची मोटर आणि सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, रहाटगाडगं.

हा दिवा एकदा लागून कायमचा राहिला तर फारसा त्रास नसतो. महिन्याभरात तो दिसेनासा होतो. माझा एक मित्र त्या उजेडात किल्ली शोधतो. अजिबात लागलाच नाही तर उत्तमच. (जुनी गाडी घेताना मात्र हे जरा तपासावं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा क्षणभर लागायलाच हवा. नाही लागला तर गाडी निर्दोष आहे असं समजू नका. विकणाऱ्यानं दिवाच काढून घेतलाय असं समजा.) छळतो तो मधेच लागणारा आणि मधेच जाणारा. खंबाटकीचा घाट चढताना लागला, चार दिवस घर-ऑफिस केलं तसा गेला, सिंहगडाच्या चढावर पुन्हा लागला. असा दिवा गाडीत असला की माणूस रस्त्याकडे बघायचं सोडून मीटरकडे बघत गाडी चालवतो. बायको म्हणते, "समोर बघ." मी म्हणतो, "समोरच बघतोय."

अशा दिव्याची बातमी सोसायटीत पसरायला पार्किंग ते लिफ्ट एवढं अंतर पुरतं. शास्त्र मला नंतर कळलं, सल्ले आधी मिळाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नसणार. त्यांच्याकडे झाकणाव्यतिरिक्त दुसरं निदान नाही. हा सल्ला ऐकायला खुळचट वाटतो, पण तो अगदीच खोटा नाही. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, ती वाफ तिथे शोषली जाते आणि नंतर इंजिनात जाळली जाते. ज्या गाड्या ही गळती तपासतात त्यांच्यात ढिल्या झाकणानंही दिवा लागतो. काकांनी हे अमेरिकेतल्या मुलाकडून ऐकलेलं असल्यामुळे त्याला विशेष वजन होतं. मेहुण्याचं म्हणणं, गाडी शहरात कुंथतेय, एक्स्प्रेस वेवर नेऊन ताणली पाहिजे. मेहुण्याला कुठल्याही दुखण्यावर लोणावळा लागतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा. मेमरी क्लिअर. दिवा गेलाच." समोरच्या वहिनींनी काहीही न बोलता शनिवारी बॉनेटला लिंबू-मिरची बांधून टाकली. मला या सगळ्यांत त्याच बऱ्या वाटल्या; त्यांच्या उपायानं निदान घड्याळ शून्यावर जात नव्हतं.

आणि आप्पा. आप्पांची नोकरी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाली. ते कराडहून आले की आधी गाडीच्या चाकाला लाथ मारून बघतात, मग आमची चौकशी करतात. ते म्हणाले, "जावईबापू, आमच्या ट्रॅक्टरला दिवाच न्हवता. म्हणून त्यो बिघडला न्हाई." डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यापासून आप्पांची मतं अशी तुटक झालीत.

आता गॅरेज. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ दुखायची थांबते, तसा हा दिवा गॅरेजच्या फाटकात विझतो. "आत्ता तर होता!" हे वाक्य कुठल्याही गॅरेजात दिवसातून अनेकदा ऐकू येत असावं, कारण ते ऐकून कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरवर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण टॅबलेट घेऊन आला. त्यानं दिवा नसलेला मीटर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मला कॉफी दिली. दोन तासांनी जॉब कार्डवर लिहून आलं : दोष आढळला नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला चारही कॉईल, चारही प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई असं एक अंदाजपत्रक होतं. दोषच आढळला नाही तर एवढं काय बदलायचं, असं विचारल्यावर तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, सेफ्टीसाठी." मी कॉफी संपवून निघालो. दिवा कात्रजच्या चढावर लागला.

या दिव्याला लहरी म्हणतात ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. गाडीतली सगळ्यात नियमानं वागणारी वस्तू तीच. गाडीचा कॉम्प्युटर एका तक्रारीवर कधी कारवाई करत नाही. पहिल्यांदा दोष दिसला की तो फक्त नोंद करून ठेवतो आणि गप्प बसतो. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तरच, साधारणपणे, दिवा लावतो. मग सलग तीन फेऱ्या गाडी सरळ वागली तर दिवा आपण होऊन विझवतो. पण फाइल बंद करत नाही! इंजिन थंड असताना सुरू होऊन नीट तापण्याची क्रिया चाळीस वेळा निर्वेध पार पडली की मगच ती नोंद पुसतो. म्हणजे दिवा गेला तेव्हा रोग गेला असं नव्हे, आणि दिवा लागला तेव्हाच रोग आला असंही नव्हे. आपण चार दिवसांपूर्वी जे केलं त्याचा निकाल आज लागतो. कोर्टाच्या मानानं हे फारच लवकर.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जा. पण तो लुकलुकायला लागला तर पाय काढा आणि गाडी थांबवा. लुकलुकणं म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. आमच्या बँकेच्या लॉकरमध्ये यातला एकही धातू नाही, आणि इथे तो आपण सायलेन्सरला लावून खड्ड्यांतून हिंडवतो.

हा सगळा उपद्व्याप आपल्यापर्यंत पोचला तो लॉस एंजेलिसहून. तिथे १९४३ च्या जुलैत एके दिवशी एवढा डोळे झोंबवणारा धूर दाटला की लोकांना वाटलं, जपान्यांनी विषारी वायू सोडला. पुढे ह्या धुराचं कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञानं. हे गृहस्थ अननसाचा सुवास कशाकशानं बनतो याचा अभ्यास करत होते. अननस बाजूला ठेवून त्यांनी शहरातली हवा हुंगली आणि सांगितलं की जपानी वगैरे कुणी नाही, ही तुमचीच मोटारींची आणि तेलशुद्धीकरणाची वाफ आहे, उन्हात तिची ही गत होते. मोटार कंपन्यांना अर्थातच अननसवाल्याचं हे म्हणणं पटलं नाही. पण पुढे कॅलिफोर्नियात हवेसाठी खास मंडळ निघालं, हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि ह्याच मंडळानं १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तक्रार स्वतः करायची सक्ती केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट आणि एकसारखे कोड आले. आपल्याकडे हे २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आलं. २०१३ मध्ये दुसरा टप्पा, २०२० पासून बीएस सहा.

सांगायचा मुद्दा, हा दिवा मुळात तुमच्या इंजिनाच्या काळजीनं बसवलेलाच नाही. तो शेजाऱ्याच्या फुप्फुसांसाठी आहे. इंजिनाचं ऑइल संपलं तर तो पेटेलच असं नाही, ब्रेक गेले तर त्याला पत्ताही नसतो. पण धुरात काही कमी-जास्त झालं की तो जागा होतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा दिवा लागलेला असला तर गाडी धुराच्या तपासणीत नापास. तिथले हुशार लोक तपासणीच्या आदल्या दिवशी बॅटरीची वायर काढून कोड पुसतात, पण कॉम्प्युटर त्यांच्याहून हुशार : मेमरी नुकतीच पुसली गेलीय आणि माझ्या स्वतःच्या चाचण्या अजून पूर्ण व्हायच्यात, हेही तो सांगून टाकतो. आपल्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि कागद देतो. मीटरवर काय पेटलंय हे त्यानं मला कधी विचारलं नाही. गंमत अशी की मोटारींचा धूर मोजणारी देशातली मोठी संस्था, एआरएआय, इथेच वेताळ टेकडीवर आहे, १९६६ पासूनची. पुणेकर रोज सकाळी शुद्ध हवा खायला जी टेकडी चढतात तिच्या खांद्यावरच धुराची प्रयोगशाळा आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशी आपापल्या पिवळ्या दिव्यांच्या गाड्या लावून लोक वर चाललेले असतात.

तर भाच्यानं ऑनलाइन एक डोंगल मागवलं. काडेपेटीएवढं यंत्र, हजाराच्या आत. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचं आणि ब्लूटूथनं मोबाइलवर वाचायचं. सॉकेट शोधताना माझी मान जिथे गेली तिथून ती परत आणायला बायकोची मदत लागली. मोबाइलवर आलं : पी०३०२. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, तीनशेच्या घरातले कोड मिसफायरचे, शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. गॅरेजच्या भाषेत, दोन नंबर मिसिंग मारतोय. भाचा म्हणाला, "काका, झालं! दोन नंबरची कॉईल मागवू?" इथेच लोकांचे पैसे जातात. कोड हा पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. दोन नंबर का पेटला नाही? कॉईल गेली असेल, प्लग गेला असेल, इंजेक्टर तुंबला असेल, पावसाचं पाणी प्लगच्या खळग्यात उतरलं असेल, वायर तुटली असेल. कॉम्प्युटरला यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त क्रँकशाफ्टच्या फिरण्याकडे कान लावून बसलेला असतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी पळत असताना सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्यातली एक चुकली की क्रँक किंचित अडखळतो, आणि कुणाच्या पाळीला अडखळला हे तो मोजतो. माझा हिशोब आणि किराण्याच्या दुकानातलं बिल यातला फरक मला महिनोन्महिने लागत नाही, आणि हा सेकंदाला शंभरातला एक पकडतो.

शेवटी गाडी नेली ती आमच्या जुन्या मिस्त्रीकडे. त्याचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॅलेंडर आणि एक पोरगा. मी "आत्ता तर—" एवढंच म्हणालो, तो म्हणाला, "असूद्या. आत लिहिलेलं असतं." स्कॅनर लावून त्यानं कोड बघितलाच नाही, तो बघितला त्याच्या खालचा तक्ता. दोष दिसला त्या क्षणी गाडीची काय अवस्था होती याचा एक फोटो कॉम्प्युटर काढून ठेवतो. वेग अडतीस, आरपीएम तीन हजार, इंजिन पूर्ण तापलेलं, लोड पंच्याऐंशी टक्के. मिस्त्रीनं ते वाचलं आणि विचारलं, "सेकंडमध्ये घाट चढत होता ना? गाडी भरलेली होती. एसी चालू." मी खुर्ची ओढून बसलो. निवृत्त इंजिनिअरांच्या सल्ल्यानं बॅटरीची वायर काढली असती तर हाच फोटो आधी गेला असता. पुरावा नष्ट करण्यालाच आपल्याकडे दुरुस्ती म्हणतात.

मग त्यानं काहीही विकत न आणता काम सुरू केलं. दोन नंबरची कॉईल काढून चार नंबरला बसवली, चारची दोनला, आणि म्हणाला, "चढावर जाऊन या. कोड चारवर सरकला तर कॉईल चोर." मी आणि पोरगा घाटात जाऊन आलो. कोड दोनवरच. प्लगची अदलाबदल केली. कोड दोनवरच. तेव्हा मिस्त्री खूश झाला. सामान निर्दोष निघालं की मालक खूश होतो हे मी समजू शकतो. मिस्त्री खूश झालेला मी प्रथमच पाहत होतो. त्यानं इंजिन चालू ठेवून वायरिंगची जुडी बोटांनी हलक्या हातानं हलवायला सुरुवात केली. टोकापासून टोकापर्यंत, न बोलता. एका जागी बोट गेलं आणि इंजिन भक्कन अडखळलं. बोट काढलं, सुरळीत. पुन्हा बोट, पुन्हा भक्क. पोरगा हसला. मिस्त्रीनं काळी टेप सोलली.

आत दोन नंबरच्या कॉईलला जाणारी वायर होती. तिच्यावरचं प्लास्टिक एक बोटभर खाल्लेलं आणि तांब्याच्या तारांपैकी तीनचारच जोडलेल्या. सपाट रस्त्यावर त्या एकमेकींना धरून राहत. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या रबरी पायांवर मागे झुकतं, वायर ताणली जाते, तारा सुटतात आणि दोन नंबर उपाशी राहतो. उतारावर पुन्हा जोडणी. घाटात दोष, शहरात निर्दोष, म्हणून सलग तीन चांगल्या फेऱ्यांवर दिवा सुटत होता. एवढा चोख हिशोब ठेवणाऱ्याला आम्ही महिनाभर लहरी म्हणत होतो.

"उंदीर," मिस्त्री म्हणाला. बॅटरीच्या ट्रेखाली कापूस, वर्तमानपत्राचे तुकडे आणि शेंगांची टरफलं अशी चांगली टू बीएचके मांडलेली होती. पावसाळ्यात बंद गाडीचं गरम इंजिन त्यांना आवडतं, शिवाय उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. वर डॅशबोर्डवर गणपती बसलेला आणि खाली बॉनेटमध्ये त्याचं वाहन. तक्रार तरी कुणाकडे करायची!

शेंगांचा उगम लगेच लागला. कराडहून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आलं होतं. "उद्या काढू" म्हणत आप्पांनी ते डिकीतच राहू दिलं होतं, कारण ते चौथ्या मजल्यावर नेलं की बायको मोजून देते. पोत्याच्या तळाला भोक होतं. ही माहिती मी घरी दिली तेव्हा आप्पा पेपर वाचत होते. ते पेपरमागूनच म्हणाले, "पुण्यातलं उंदीर लई माजल्यात."

मिस्त्रीनं वायर जोडली, डाख दिला, वरून नळी चढवली, टेप गुंडाळली. दिवा मात्र मुद्दाम पुसला नाही. "त्याचा तो जाऊ दे. गेला म्हणजे आपलं काम बरोबर." तो गेलाही, नियमाप्रमाणे. मग सोसायटीत श्रेयाची वाटणी झाली. काकांनी झाकण घट्ट केलं होतं, मेहुणा मधल्या रविवारी लोणावळ्याला जाऊन आला होता, इंजिनिअर म्हणाले, "मी वायरच म्हटलं होतं," जे शब्दशः खरं होतं. वहिनींनी फक्त नवीन लिंबू बांधलं.

राहता राहिला उंदराचा बंदोबस्त. डांबरगोळ्या ठेवल्या तर एसीतून आमचंच कपाट उघडल्यासारखा वास येई. बाजारचा स्प्रे पहिल्या पावसात धुऊन गेला. तेव्हा आप्पांनी उपाय सांगितला : तंबाखू. कापडाच्या पुरचुंडीत घालून बॅटरीजवळ बांधायची, उंदीर वासानंच पळतो. मिस्त्रीनंही मान डोलावली, खेडोपाडी लोक असं करतात. तंबाखू कुठली, हे मात्र आप्पांनी फार तपशिलानं सांगितलं, आणि पुड्या आणायला स्वतः गेले. तेव्हापासून ते रोज जेवणानंतर किल्ली घेऊन खाली जातात. "इंजिन बघून येतो." बायकोला बरं वाटलं; म्हणाली, वडिलांना काहीतरी विरंगुळा मिळाला.

परवा ऑइल बदलायला गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, वायर बघितली. शाबूत. नवीन घर नाही, टरफलं नाहीत. मग पुरचुंडी हातात घेतली. ती निम्म्याहून कमी झाली होती. मी म्हणालो, "उंदीर तंबाखू खातात की काय?" मिस्त्री बराच वेळ एअर फिल्टरच्या झाकणाकडे बघत होता. त्यावर पांढरी बोटं पुसलेली होती, आणि फ्यूज बॉक्सच्या मागे खोचलेली एक छोटी पितळी डबी त्यानं दोन बोटांत धरून वर काढली.

"खात असतील साहेब," तो म्हणाला, "पण चुना लावून?"